फेरारा सायकलवरून : तीन तासांच्या सहलीचा रोखठोक हिशोब

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. फेरारात गाइडबरोबरची तीन तासांची सायकल सहल घ्यावी का? जरूर घ्यावी. पण सगळं गाव सायकलवरूनच बघायचा हट्ट धरू नये. किल्ल्याच्या उत्तरेचं फेरारा सायकलीवर बघायचं आहे आणि दक्षिणेचं पायी. सहल विकणारे हे सांगत नाहीत, कारण त्यांना एका तिकिटात अख्खं गाव उरकायचं असतं.

कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. अशा सहलीत गाइड बदलला की सगळं बदलतं. शिवाय माझ्या तक्रारी फारशा मोठ्या नाहीत.

फेरारा म्हणजे फेरारी गाड्यांचं गाव नव्हे, हेही सांगून टाकते. नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो टाकल्याबरोबर ‘फॅक्टरी बघितली का?’ असे प्रश्न सुरू झाले. तो कारखाना मारानेल्लोला, मोदेनाच्या बाजूला. हे गाव बोलोन्याहून रेल्वेनं अर्ध्यापाऊण तासावर, पो नदीच्या खोऱ्यात, पोळपाटासारखं सपाट. आपल्याकडच्या युरोप टूरच्या बसेस व्हेनिसहून फ्लॉरेन्सला जाताना याच्या जवळून निघून जातात. लेक नोकरीसाठी बोलोन्याला नसती तर आम्हीही तसेच गेलो असतो. “आई, तू सायकलवाली ना, मग एकदा फेरारा बघच,” असं म्हणून तिनंच बुकिंग केलं. माणशी पस्तीस युरो. आमच्या ह्यांनी लगेच रुपयांत गुणाकार केला आणि चेहरा गंभीर केला.

सायकलींचं आधी सांगते, कारण त्यातलं आपल्याला कळतं असा प्रत्येक जुन्या पुणेकराचा समज असतो. सत्तरच्या दशकात सदाशिव पेठेतून कॉलेजला मी सायकलनंच जायची. इथं मिळाली ती खालच्या दांडीची, सात गिअरची, पुढं तारेची बास्केट असलेली. मागच्या चाकाला कुलूप होतंच, वर मनगटाएवढी जाड साखळीही दिली. सायकलचोऱ्या होतात, कुठंही अर्धा मिनिटसुद्धा मोकळी सोडू नका, असं बजावलं. हेल्मेट मागितलं तर देतात. माझं सीट एखाद्या डच बाईच्या मापाचं होतं, ते खाली करून घेतलं. ह्यांच्या सायकलचा मागचा ब्रेक रिमला घासत होता. दुकानातल्या पोरानं दोनदा ‘ओके, ओके’ म्हणून आम्हाला कटवलं. शेवटी चौकात गाइड मुलीनं स्वतःच्या पिशवीतला पाना काढून तो सरळ केला. दुकानाला गुण कमी, मुलीला जास्त.

तिची स्वतःची सायकल बघण्यासारखी होती. काळी, जुनी, पूर्ण चेनकव्हर असलेली, आणि ब्रेक केबलचे नव्हे तर दांड्यांचे. आमच्या वडिलांच्या रॅलेला होते तसेच. आजीची आहे म्हणाली. आमचे हे किल्ल्यापेक्षा जास्त वेळ त्या ब्रेककडे बघत उभे होते.

सहल सुरू होते एस्ते घराण्याच्या, म्हणजे फेरारावर राज्य केलेल्या घराण्याच्या, किल्ल्यापासून. लाल विटांचा, चार कोपऱ्यांना चार बुरूज, भोवती पाण्यानं भरलेला खंदक, आणि हे सगळं भर गावात. गावाच्या मधोमध खंदक कशाला, असा प्रश्न कुणालाही पडेल. त्याचं उत्तर मुलीनं फार छान सांगितलं. 1385 च्या मे महिन्यात कर आणि पुरानं पिचलेले लोक उठले. त्यांचा राग तोम्मासो दा तोर्तोना या अधिकाऱ्यावर. एस्ते घराण्यातला तेव्हाचा राज्यकर्ता निक्कोलो दुसरा याला शेवटी आपला हा माणूस जमावाच्या हवाली करावा लागला आणि जमावानं त्याचे तुकडे केले. त्याच सप्टेंबरात किल्ल्याचं काम सुरू झालं. म्हणजे हा किल्ला बाहेरच्या शत्रूसाठी नव्हे, स्वतःच्याच रयतेच्या भीतीनं बांधलेला. शेजारच्या राजवाड्यातून किल्ल्यात पळता यावं म्हणून वरून बंदिस्त वाटही आहे. त्या राजवाड्यात आता नगरपालिका बसते.

खंदकाच्या कठड्याशी तिनं सायकली उभ्या करायला लावल्या. 15 नोव्हेंबर 1943 च्या पहाटे फॅसिस्टांनी शहरातल्या 11 जणांना गोळ्या घातल्या, त्यांतल्या बहुतेकांना याच कठड्यापाशी. समोर कॅफे, फार्मसी, शाळेची पोरं. तिनं आवाज न चढवता चार वाक्यांत सांगितलं आणि पुढं निघाली. गाइड चांगला की वाईट हे मी अशा जागी ठरवते.

किल्ल्याच्या आत ही सहल नेत नाही. 1425 मध्ये निक्कोलो तिसरा यानं तरुण बायको पारिसिना आणि स्वतःचा मुलगा उगो यांच्यातलं प्रेमप्रकरण उघडकीला आल्यावर दोघांचीही मुंडकी उडवली. त्यांना डांबलेल्या कोठड्या आतच आहेत; त्या बघायच्या तर वेगळं तिकीट काढून नंतर जा.

आता सहलीचा खरा ऐवज. किल्ल्यापासून उत्तरेला कोर्सो एर्कोले प्रिमो देस्ते हा रस्ता सुटतो तो थेट तटापर्यंत, किलोमीटरभराहून लांब. त्यावर दुकान म्हणून नाही! हॉटेल नाही, पाट्या नाहीत. दोन्ही बाजूंना वाडे, बागांच्या भिंती आणि मोठी दारं. चालत गेलात तर मध्यावर कंटाळाल. सायकलवर मात्र वाड्यामागून वाडा बरोब्बर वेगात सरकतो. इथंही पायाखाली गोटे आहेत, पण रस्ता रुंद आणि सरळ, त्यामुळे निभावतं.

1482 ते 84 या युद्धात व्हेनिसचं सैन्य गावाच्या उत्तरेच्या शिकारबागेपर्यंत येऊन धडकलं होतं. ड्यूक एर्कोले पहिला याची चांगलीच टरकली असणार. 1492 पासून त्यानं वास्तुकार बिआज्जो रोसेत्तीला हाताशी धरून तट उत्तरेला सरकवला आणि आतल्या जमिनीवर नवं शहर आखलं. गाव एकदम दुपटीहून मोठं झालं. सरळ रुंद रस्ते, चौक, मोकळ्या जागा. आणि जुन्या गावाशी सांधा असा बसवलाय की कुठं जुनं संपलं ते किल्ला ओलांडेपर्यंत कळत नाही. युनेस्कोनं 1995 मध्ये फेराराला यादीत घेतलं ते या आखणीसाठी. आमच्याकडे डीपी प्लॅनवर रस्ता पिवळ्या रंगात दिसतो आणि जागेवर मंगल कार्यालय असतं, हे मी तिला सांगायला गेले, पण इंग्रजीत रंगेना.

याच रस्त्यावरच्या मुख्य चौकात पालात्सो देई दियामान्ती, हिऱ्यांचा वाडा. रोसेत्तीनंच ड्यूकच्या भावासाठी, सिजिस्मोन्दोसाठी, तो 1493 मध्ये सुरू केला. बाहेरच्या भिंतीवर साडेआठ हजारांच्या आसपास दगड, प्रत्येकाला हिऱ्यासारखे चार पैलू आणि पुढं टोक. फोटोत तो जरा भडक वाटतो. मुलीनं आम्हाला सायकलवरून उतरवलं, कोपऱ्यापाशी नेलं आणि गाल भिंतीला लावून एका डोळ्यानं भिंतीच्या कडेकडेनं बघायला सांगितलं. तेव्हा दिसतं की सगळी टोकं सारखी नाहीत. खालच्या ओळींची टोकं किंचित जमिनीकडे झुकलेली, मधल्यांची सरळ समोर, वरच्यांची आभाळाकडे. ऊन कुठूनही आलं तरी कुठल्या ना कुठल्या ओळीनं ते पकडावं म्हणून. पांढऱ्या संगमरवरात फिकट गुलाबी शिरा आहेत, त्याही जवळ गेल्याशिवाय दिसत नाहीत. या पाच मिनिटांवर माझे अर्धे पैसे वसूल झाले.

जवळच्या पियात्सा आरिओस्तेआत मधल्या खांबावर कवी आरिओस्तोचा पुतळा आहे. त्या खांबावर आधी एक पोप होता, मग नेपोलियन, आणि 1833 पासून कवी. राज्यकर्ते उतरले, कवी टिकला; फेरारेकरांना याचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. त्याचं साधं विटांचं घरही या नव्या शहरातच आहे. दर्शनी भागावर लॅटिनमध्ये कोरून ठेवलंय की घर लहान आहे, पण मला पुरतं. ड्यूकच्या पदरी राहिलेल्या माणसानं ते लिहावं हे मला फार आवडलं.

तटाजवळ पोचलो आणि चक्क शेतं लागली. तटाच्या आत, शहराच्या हद्दीत, फळझाडं आणि भाजीचे वाफे! एर्कोलेनं आखलेलं शहर पूर्ण भरलंच नाही. 1597 मध्ये शेवटचा ड्यूक वारसाविना गेला, पोपनं फेरारा ताब्यात घेतलं, 1598 मध्ये एस्ते मंडळी मोदेनाला गेली. ती उत्तरेच्या पोर्ता देल्यी आंजेली या वेशीतून बाहेर पडली आणि मग ती वेस बंद झाली, असं सांगतात. दरबार गेला, वाढ खुंटली, जमीन मोकळी राहिली ती राहिलीच.

तट एकूण नऊ किलोमीटरचा. सहलीत त्याचा उत्तर-पूर्वेचा तुकडा येतो आणि तोच उत्तम आहे. वर चढायला छोटा उतार आहे, तिथं सायकल हातात धरा, अभिमान बाळगू नका. वर झाडांची रांग, खाली दगडीपेक्षा मातीचाच जास्त वाटणारा रुंद बांध, एकीकडे शेतं आणि दुसरीकडे गवताळ खंदक. ऐंशीच्या घरातल्या आज्या कोट घालून, हँडलला पालेभाजीची पिशवी अडकवून, आम्हाला मागं टाकत होत्या. ह्यांच्या गुडघ्यांची मला काळजी होती, पण चढच नाही तर गुडघ्याला काय होतंय! बॅटरीच्या सायकलचे जास्तीचे पैसे मागितले तर देऊ नका, इथं त्याची गरज नाही.

एक तक्रार इथली. माहितीपत्रकात तटाजवळच्या ज्यू दफनभूमीचं नाव होतं. लेखक जोर्जो बास्सानीची कबर तिथं आहे. आमची सहल शनिवारची, आणि शनिवारी ती दफनभूमी बंद असते, शब्बाथ, त्यांचा विश्रांतीचा वार, असतो ना! हे बुकिंगच्या वेळीच सांगायला हवं होतं. बंद दारापुढं सहा जणांना उभं करून ‘इथं आत ते आहे’ म्हणणं बरोबर नाही.

आणि मग जुनं गाव. इथं सहल बिघडते, आणि दोष गाइडचा नाही. दक्षिणेचं फेरारा मध्ययुगीन आहे: अरुंद बोळ, वळणं, आणि नदीतले गोल गोटे बसवलेली जमीन. सायकलची घंटा आपोआप वाजते, दात दातांवर आपटतात, बघायचं काय तर पुढच्या चाकाखालचा गोटा. गाइडचं बोलणं ऐकायला दिलेलं कानातलं यंत्र याच वेळी खरखरायला लागलं. व्हिया मात्सिनीवर शनिवारची एवढी गर्दी की सगळे उतरून सायकली ढकलत होतो. हा रस्ता आणि त्यामागचे बोळ म्हणजे ज्यूंचा घेट्टो. पोपच्या राज्यात 1627 मध्ये वेशी घालून तो बंदिस्त केला. त्याआधी एस्ते राजवटीत स्पेनमधून हाकललेल्या ज्यूंना इथं आसरा मिळाला होता. हे ऐकायचं तर शांत उभं राहून ऐकायला हवं, साखळी आणि हँडल सांभाळत नव्हे.

व्हिया देल्ले व्होल्ते या गल्लीचंही तेच. डोक्यावरून एकामागून एक कमानी जातात, एकीकडची व्यापाऱ्यांची घरं दुसरीकडच्या गोदामांना जोडणाऱ्या. पूर्वी पो नदी इथूनच, गावाला लागून वाहायची. बाराव्या शतकातल्या पुरात तिनं उत्तरेला नवा मार्ग धरला आणि बंदर हळूहळू कोरडं पडलं. अशा गल्लीतून आम्ही गेलो म्हणजे अक्षरशः गेलो, थांबलो नाही. 1135 मध्ये सुरू झालेल्या कथेड्रलला पाच मिनिटं मिळाली. त्याच्या कुशीला चिकटून दुकानांची रांग आहे. देवळाच्या भिंतीला टेकून दुकान थाटायची पद्धत बघून ह्यांना तुळशीबाग आठवली.

शेवटी ‘स्थानिक पदार्थांची चव’. ती म्हणजे कोप्पिया या ब्रेडचा प्रत्येकी एक तुकडा. दोन पिळलेल्या शेंगा मध्ये जोडून चार शिंगं बाहेर, असा हा ब्रेड. बाहेरून खारीसारखा कोरडा, चहात बुडवावासा वाटणारा. चव झकास, पण पस्तीस युरोत अख्खा एकेक द्यायला काय हरकत होती?

म्हणून माझा सल्ला असा : तटावरून उतरून किल्ल्यापाशी आलात की गाइडला विनंती करा, सायकली तिथं लावू द्या आणि राहिलेला तास चालत फिरवा. आमच्या गाइड मुलीला मी नंतर हे सुचवलं तर ती हसून म्हणाली की काही ग्रुपबरोबर ती तसं करतेही. मग सगळ्यांबरोबर का नाही, हे तिच्या मालकाला विचारायला हवं.

जेवायला काप्पेल्लाची दी झुक्का मागा. लाल भोपळ्याचं सारण भरलेले मोठे पास्त्याचे गोळे, सारणात चीज आणि जायफळ. शाकाहारी असाल तर मांसाचा सॉस नको, लोणी आणि सेजची पानं घातलेलं हवं असं स्पष्ट सांगा. पिठात अंडं असतंच, ते चालत नसेल तर दुसरं काही घ्या. गोडसर लागतं. ह्यांनी बरोबरची लसणाची चटणी काढली आणि वेटर तरुणानंही चाखून बघितली.

सहल सकाळची घ्या. उन्हाळ्यात या खोऱ्यात दुपारी दमट उकाडा असतो आणि संध्याकाळी तटाखालच्या वाटेवर डास तुटून पडतात. पुण्याहून नेलेली ओडोमॉसची ट्यूब संध्याकाळी स्टेशनकडे परतताना आम्ही अर्धी संपवली.