सही कशावर करताय? कामाची परवानगी, थेट पेमेंट आणि हक्क हस्तांतरण

पाइप फुटून घरात पाणी भरलं किंवा आगीनंतर भिंती काळवंडल्या, की ठेकेदाराची माणसं पंप आणि ब्लोअर घेऊन येतात आणि मशीन सुरू करण्याआधी एक फॉर्म पुढे करतात. फॉर्मचं शीर्षक काहीही असो, आत तीनपैकी एक गोष्ट असते, कधीकधी तिन्ही एकाच पानावर: काम करायला परवानगी, विमा कंपनीने पैसे थेट ठेकेदाराला द्यावेत ही सूचना, किंवा क्लेमचा हक्कच ठेकेदाराच्या नावे करणं. सही तिन्हीखाली सारखीच दिसते, हातातून जातं ते मात्र वेगवेगळं.

| | कामाची परवानगी | थेट पेमेंटची सूचना | हक्क हस्तांतरण |
|---|---|---|---|
| क्लेम कोणाचा राहतो | मालकाचा | मालकाचा | लिहून दिलेल्या भागापुरता ठेकेदाराचा |
| चेक कोणाच्या नावे | मालकाच्या | ठेकेदाराच्या किंवा दोघांच्या | ठेकेदाराच्या |
| कंपनीशी बोलणी | मालक | मालक | ठेकेदार |
| कमी मंजूर झालं तर | फरक मालकाकडे | फरक मालकाकडे | करारावर अवलंबून. डिडक्टिबल (नुकसानीतला मालकाने स्वतः सोसायचा ठरलेला भाग) मालकाकडेच |
| मागे घेणं | न झालेल्या कामापुरतं, करारातल्या अटींवर | सहसा पेमेंटआधी लेखी कळवून | अवघड |

पहिल्या रात्री कोणती सही

कामाच्या परवानगीला पर्याय नाही. नुकसान आणखी वाढू न देणं ही बहुतेक पॉलिसींमध्ये मालकाचीच जबाबदारी असते, आणि ओल्या साहित्यावर २४ ते ४८ तासांत बुरशी धरू शकते. त्यामुळे सर्व्हेयरची वाट बघत पाणी तसंच ठेवलं, तर पुढचं नुकसान नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं. फोटो काढायचे, काढलेल्या साहित्याचा एखादा तुकडा जपून ठेवायचा आणि काम सुरू करायचं.

अडचण परवानगीच्या व्याप्तीची आहे. ‘विमा कंपनी मंजूर करेल ती सर्व दुरुस्ती, मंजूर होईल त्या रकमेत’ अशा अर्थाचं एक वाक्य फॉर्मच्या मधल्या परिच्छेदात असतं. वाचायला निरुपद्रवी वाटतं, पण त्याने पुढच्या कित्येक महिन्यांचं बांधकामही त्याच ठेकेदाराला बांधून जातं, आणि तेही दर किंवा साहित्य ठरण्याआधी. ते वाक्य खोडून हाताने लिहावं: ‘फक्त पाणी उपसणं, भिजलेलं काढणं आणि सुकवणं. पुनर्बांधणीसाठी वेगळा करार.’ बाजूला दोघांच्या छोट्या सह्या आणि लगेच मोबाइलवर फोटो. मशीनचे दररोजचे दर जोडलेले नसतील तर मागून घ्यावेत. रिकाम्या जागांवर रेघ मारावी. करार रद्द केल्यास मंजूर रकमेच्या अमुक टक्के दंड, अशी अटही याच पानावर सापडते. ती खोडण्याइतकी सवड कोणालाच नसते, म्हणून ती टिकते.

थेट पेमेंट: सोयीचं, पण मोजून मापून

हातात रोकड नसेल तर हा चांगला मार्ग आहे. क्लेम आपलाच राहतो, कंपनी फक्त चेक दुसऱ्याच्या नावे काढते. चूक होते ती ‘या नुकसानीपोटी देय असलेली सर्व रक्कम’ या शब्दांत. त्या ‘सर्व’मध्ये घरातलं सामान आणि तात्पुरत्या निवासाचा खर्चही ओढला जाऊ शकतो. बिल क्रमांक, तारीख आणि कमाल रक्कम टाकली की प्रश्न मिटतो.

घर तारण असेल तर कर्ज देणाऱ्या बँकेचं नावही चेकवर येऊ शकतं, आणि आपल्या सूचनेने बँकेचा हक्क पुसला जात नाही. बँकेची परवानगी, टप्प्याटप्प्याने पैसे सोडणं, मधली पाहणी यात आठवडे जातात आणि तेवढ्यात ठेकेदार काम थांबवतो. बँकेला पहिल्याच आठवड्यात कळवावं.

हक्क हस्तांतरण: शेवटचा पर्याय

‘तुम्हाला काहीच करावं लागणार नाही’ या आश्वासनात तथ्य आहे, आणि धोकाही तिथेच आहे. ठेकेदार कंपनीशी वाटाघाट करतो, तडजोड करतो, दावाही लावू शकतो. आपण मात्र पाहणीला दार उघडणं, जबाब देणं, नुकसानीचं शपथपूर्वक विवरण देणं या पॉलिसीतल्या कर्तव्यांतून सुटत नाही. दुसरं म्हणजे इमारतीच्या विम्याची कमाल रक्कम एकच असते. सुकवणीच्या बिलावर वाद वाढत जाऊन त्यातली मोठी रक्कम तिथेच संपली, तर भिंती उभ्या करायला उरतं ते कमी. या कागदावरून कज्जे इतके वाढले, की अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याने १ जानेवारी २०२३ पासून निघालेल्या मालमत्ता विमा पॉलिसींवर नुकसानीनंतरचं असं हस्तांतरण बंदच केलं. जिथे चालतं तिथेही एखाद्या ठरावीक बिलापुरतंच द्यावं. पुनर्बांधणीसाठी देऊ नये.

दोन अंदाजपत्रकं शेजारी ठेवताना

सर्व्हेयरचा आकडा आणि ठेकेदाराचा आकडा यांची बेरीज ताडून काही कळत नाही. आधी मापं बघावीत. समजा सर्व्हेयरने लिहिलंय: जिप्सम बोर्ड काढणे, उंची ०.६ मीटर, लांबी १४ मीटर, म्हणजे ८.४ चौरस मीटर. ठेकेदाराच्या कागदावर तीच भिंत १.२ मीटर उंचीने, म्हणजे १६.८. दर दोघांचा सारखा असूनही या ओळीची रक्कम दुप्पट. यात खरं कोण, हे सुकवणीची रोजची नोंदवही सांगते. जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर ओल नोंदलेली असेल, तर ठेकेदाराची मागणी पुरवणी म्हणून त्या पानासकट पाठवायची. नोंद नसेल तर कंपनी कापणारच, आणि तिचं चुकतंय असं म्हणता येणार नाही.

त्या नोंदवहीतली एक चांगली ओळ अशी दिसते: दिवस ३, सकाळी ९, खोली २४ अंश, सापेक्ष आर्द्रता ४१ टक्के, उत्तरेच्या भिंतीचा लाकडी खांब, जमिनीपासून १५ सेंटिमीटर, ओलावा १८ टक्के, कोरडा नमुना ११ टक्के. कोरडा नमुना म्हणजे त्याच इमारतीतलं न भिजलेलं तसंच लाकूड. १८ आणि ११ मध्ये अंतर आहे तोवर मशीनचं भाडं समर्थनीय. ते मिटल्यानंतरच्या दिवसांचं नाही. सगळ्या जागांचे आकडे सलग तीन दिवस हुबेहूब सारखे असतील तर ते बहुधा नक्कल केलेले असतात.

पाण्याचा वर्गही दोन्ही कागदांवर एकच आहे का ते पाहावं. आयआयसीआरसी या साफसफाई आणि नुकसानदुरुस्तीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या एस५०० मानकानुसार वर्ग १ स्वच्छ, वर्ग २ बरंच दूषित आणि वर्ग ३ सांडपाण्यासारखं घातक. वर्ग ३ म्हटलं की गालिचा, गादी, बोर्ड असं शोषणारं साहित्य सुकवत नाहीत, काढून टाकतात. कामाची व्याप्ती या एका आकड्यावर पालटते. स्वच्छ पाणीही साचून राहिलं की वर्ग बिघडतो, म्हणून आकड्याशेजारी कारण आणि तारीख हवी.

पैसे दोनदा येतात

समजा नव्याने बसवण्याचा खर्च १,००,०००, घसारा (जुनेपणामुळे घटलेली किंमत) ३०,००० आणि डिडक्टिबल १०,०००. पहिला चेक ६०,००० चा. राखून ठेवलेले ३०,००० काम पूर्ण करून बिलं दिल्यावर, तेही पॉलिसीतल्या मुदतीत. पॉलिसी फक्त घसारा वजा किमतीची असेल तर ते ३०,००० कधीच येत नाहीत, आणि ठेकेदाराशी करार मात्र एक लाखाचा झालेला असतो. डिडक्टिबल ‘आम्ही सोडून देतो’ म्हणणारा ठेकेदार ते बिलात दुसरीकडे घालतो. त्या फुगवलेल्या बिलावर क्लेम केला तर खोट्या दाव्याचा ठपका आपल्यावरही येऊ शकतो.

दुसऱ्या चेकसाठी काम पूर्ण झाल्याचं पत्र लागतं, आणि ते बहुधा मशीन गाडीत चढवताना सहीसाठी पुढे येतं. सुकवणीचं पत्र शेवटची नोंद पाहूनच द्यावं, पुनर्बांधणीचं पत्र वेगळं ठेवावं आणि त्यासोबत पोटठेकेदारांचं काही देणं बाकी नसल्याचं लेखी घ्यावं. उरलेली कामं पत्रातच लिहावीत: ‘स्वयंपाकघराचा दरवाजा घासतो, दुसरा रंगाचा हात बाकी.’ तारीख आधीच छापलेली असेल तर ती खोडून सहीच्या दिवसाची घालावी.