सर्किट बेंचजवळचे भाषांतर केंद्र: सत्तर रुपयांचे पान आणि दोनशे वीस रुपयांचे पान

मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सुरू झाले आणि सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालय इमारतीच्या परिसरात झेरॉक्स, टंकलेखन आणि मुद्रांकाच्या पाट्यांशेजारी 'एआय भाषांतर' अशी नवी पाटी दिसू लागली. कारण उघड आहे. तालुका आणि जिल्हा न्यायालयांतले कामकाज बहुतांशी मराठीत चालते आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी आहे. त्यामुळे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतून जो दावा अपिलात येथे येतो, त्याचे सातबाऱ्यापासून साक्षीपर्यंतचे कागद आधी इंग्रजीत न्यावे लागतात. करवीर तालुक्यातल्या आमच्या जमिनीचे दुसरे अपील दाखल करताना माझ्यावरही ही वेळ आली आणि अशाच एका केंद्रात मला तीन आठवडे हेलपाटे घालावे लागले. केंद्राचे नाव मी येथे देत नाही, कारण आजूबाजूच्या दुकानांतही थोड्याफार फरकाने हीच पद्धत असणार, आणि एकट्यावर ठपका ठेवणे बरे नव्हे.

दुकान दहा बाय बाराचे. दोन संगणक, एक स्कॅनर, भिंतीला टेकवलेले बाकडे आणि समोर दरपत्रक. पानाला सत्तर रुपये हा 'एआय भाषांतरा'चा दर आणि पानाला दोनशे वीस हा 'एआय भाषांतर, तपासणीसह' याचा दर. पूर्वी ओळखीच्या भाषांतरकाराकडे पानाला अडीचशे रुपये आणि महिनाभराची प्रतीक्षा असे गणित होते, म्हणून माझी चौसष्ट पाने मी सत्तरच्या दराने दिली. संगणकावर बसणाऱ्या मुलाने एकदा हटकले होते, हे कबूल केले पाहिजे. "काका, मॅडमांनी बघिटल्याशिवाय न्हेऊ नका," असे तो म्हणाला होता. पण दुकानदार आपला महाग माल खपवायला बघतो आहे, असा माझा समज झाला.

पाने स्कॅन करून भाषांतर हातात पडायला तासाभराच्या आत वेळ लागला. घरी येऊन चाळली, तेव्हा कनिष्ठ न्यायालयाच्या निकालपत्राची, नोटिसांची आणि अर्जांची भाषांतरे मला थक्क करून गेली. निकालपत्रातले 'सबब प्रतिवादींनी आपली बाजू शाबीत केलेली नाही' या वळणाचे वाक्य यंत्राने अचूक उचलले होते, लांबलचक वाक्यातला कर्ता कोठेही हरवला नव्हता आणि कलमांचे आकडे जागच्या जागी होते. मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली, इंग्रजी पत्रव्यवहार पुष्कळ केला. मला एका दिवसात यातली पाच पानेही इतकी नीट झाली नसती.

त्यानंतर सातबारा आला. उताऱ्यावरच्या 'पोटखराबा' या शब्दाचे, म्हणजे जमिनीतल्या लागवडीस अयोग्य भागाचे, इंग्रजीत 'पोटाचा बिघाड' झाले होते. 'आकार', म्हणजे जमिनीवरचा सारा, हा आकृती किंवा घाट या अर्थाने उतरला होता, त्यामुळे आमच्या जमिनीला पाच रुपये आणि काही पैसे इतका घाट असल्याचे उच्च न्यायालयाला कळले असते. 'कूळ', म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा, या शब्दाला यंत्राने घराणे समजले. कूळकायद्याखाली ज्याचे नाव लागले तो माणूस अशा रीतीने आमचाच भाऊबंद ठरला. विहिरीतल्या हक्काची नोंद तर वाचवत नव्हती. 'विहिरीत दोन आणे हिस्सा व आठवड्यातून दीड दिवस पाण्याची पाळी' या ओळीतला हिस्सा म्हणजे सोळा आण्यांतले दोन, एक अष्टमांश. इंग्रजीत ती दोन आण्यांची किरकोळ रक्कम झाली होती, आणि 'पाळी'चे जे झाले ते येथे लिहिण्यासारखे नाही. फेरफारातला, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदीतला, साक्षीदार सुतार आडनावाचा होता, तो धंद्याने सुतार झाला. त्याच्या खालचा माळी बागकाम करू लागला.

इथवर हसता आले. वडिलांच्या साक्षीच्या पानावर मात्र हसू थांबले. आमचे वडील २०१९ मध्ये वारले. त्यापूर्वी दिवाणी न्यायालयात त्यांची सरतपासणी आणि उलटतपासणी झाली होती आणि सगळा दावा त्यांच्या त्या सांगण्यावर उभा आहे. 'आमच्या रानाचा बांध त्यांनी दरवर्षी थोडा थोडा कोरत हात-दीड हात आत घेतला' असे ते बोलले होते. कोल्हापूरच्या बाजूला रान म्हणजे शेत, आणि बांध कोरणे म्हणजे नांगरटीच्या निमित्ताने शेजाऱ्याची हद्द गिळत जाणे, हे येथे शेताशी संबंध नसलेल्या माणसालाही माहीत असते. यंत्राने लिहिले की आमच्या जंगलातल्या धरणावर त्यांनी दरवर्षी कोरीवकाम केले. वकीलसाहेबांनी ते पान माझ्यापुढे सरकवले आणि ही जमीन वनखात्याची आहे का, एवढेच विचारले. शिवाय वडील आपल्या वडिलांविषयी बोलताना 'त्यांनी सांगितले', 'ते तेथे उभे होते' असे आदरार्थी बोलले होते. इंग्रजीत त्याचे निखळ अनेकवचन झाल्यामुळे मोजणीच्या वेळी आजोबांबरोबर आणखी कोण माणसे हजर होती, असा प्रश्न विरुद्ध बाजूने सहज काढला असता.

एकाच यंत्राने निकालपत्र इतके चांगले आणि साक्ष इतकी वाईट का करावी, याचा मी नंतर थोडा शोध घेतला. गूगलने २००६ मध्ये भाषांतराची सेवा सुरू केली, तेव्हा ती शब्दसमूहांच्या संख्याशास्त्रावर चालत असे. पूर्ण वाक्याचा संदर्भ धरणारी न्यूरल पद्धत २०१६ मध्ये आली आणि मराठीला ती २०१७ मध्ये लागू झाली. केंद्र सरकारची 'भाषिणी' जुलै २०२२ मध्ये सुरू झाली, आणि न्यायालयीन मजकुरासाठीच तयार केलेले 'सुवास' हे साधन सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये आणले. या सगळ्या यंत्रणा शिकतात त्या दोन भाषांत शेजारी शेजारी ठेवलेल्या वाक्यांवरून. असा जोडमजकूर मराठीत जो मिळतो तो बहुतेक शासकीय परिपत्रकांचा, बातम्यांचा, कायद्यांचा आणि धर्मग्रंथांचा. शासकीय वळणाची मराठी यंत्राने अशी भरपूर वाचलेली आहे. करवीर तालुक्यातल्या शेतकऱ्याने पिंजऱ्यात उभे राहून काय सांगितले, त्याचे इंग्रजी कोणी करून ठेवलेलेच नाही. साक्ष नोंदवणाऱ्या टंकलेखकाने वडिलांचे बोलणे प्रमाण मराठीत बसवले होते, तरी शब्द शेतातलेच राहिले, आणि यंत्राला तेवढेच पुरले.

कन्नड कागदांची गोष्ट निराळी आहे. आमच्या थोरल्या आत्याचे सासर निपाणीकडे, त्यामुळे तिच्या मृत्यूचा दाखला आणि वारसांचा तक्ता कन्नडमध्ये होता. इंग्रजी भाषांतराबरोबर माझ्या माहितीसाठी मराठीही करून द्या, अशी विनंती मी केली आणि केंद्राने ती मान्य केली. दोन भारतीय भाषांमध्ये भाषांतर करताना पुष्कळ यंत्रणा मधला टप्पा म्हणून इंग्रजीचा आधार घेतात, आणि येथे तसेच झाले असावे, कारण चूक नेमकी इंग्रजीच्या चाळणीतून पडल्यासारखी होती. कन्नडमध्ये अक्क म्हणजे थोरली बहीण आणि तंगी म्हणजे धाकटी. दोड्डप्प म्हणजे थोरला चुलता आणि चिक्कप्प म्हणजे धाकटा. इंग्रजीत या चौघांसाठी दोनच शब्द, म्हणून मराठीत येताना दोन्ही बहिणी नुसत्या 'बहीण' झाल्या आणि एक चुलता चक्क 'मामा' झाला. निपाणी आणि कोल्हापूर यांच्यात चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचे अंतर आहे. दोन्हीकडची माणसे अक्का म्हणून हाक मारतात. कागद मात्र इंग्रजीला वळसा घालून आला आणि वाटेत नाते बदलून बसला. वारसाच्या कामात चुलता आणि मामा यांच्यात किती अंतर पडते, हे सांगायला नको.

एका बाबतीत केंद्राचा प्रामाणिकपणा मला आवडला. १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान विलीन झाले, त्याच्या आधीचा एक मोडीतला कागद आमच्याकडे आहे. मोडीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळालेले असले, तरी जुन्या कारकुनाने एका दमात ओढलेली ओळ तेथील स्कॅनरला वाचता येत नाही. तो कागद त्यांनी यंत्राला न घालता परत केला आणि मोडी वाचकाकडून लिप्यंतर करून आणायला सांगितले. हीच सावधगिरी त्यांनी हस्तलिखित फेरफाराबाबत दाखवायला हवी होती. तेथे शाईने लिहिलेल्या गट क्रमांकातला १ हा ९ वाचला गेला आणि तो चुकीचा गट पुढच्या सहा पानांवर ऐटीत मिरवला. शब्दाची चूक वाचताना खटकते, आकड्याची खटकत नाही. म्हणून या चुकीची मला सर्वांत जास्त धास्ती वाटते.

वकीलसाहेबांनी परत केलेली एकेचाळीस पाने घेऊन मी पुन्हा केंद्रात गेलो आणि या वेळी तपासणी करणाऱ्या बाईंना भेटलो. त्या दुपारी चारनंतर येतात. पूर्वी दिवाणी न्यायालयात त्यांनी पुष्कळ वर्षे भाषांतराचे काम केलेले आहे. यंत्राचे इंग्रजी आणि मूळ मराठी समोरासमोर ठेवून त्या तांबड्या पेनाने चालतात, आणि त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे: आधी फक्त आकडे, मग फक्त नावे आणि आडनावे, मग महसुली शब्द, आणि वाक्ये शेवटी. साक्षीची पाने त्यांनी यंत्राच्या मसुद्यावरून दुरुस्त केलीच नाहीत, सरळ नव्याने केली. असल्या पानावर दुरुस्तीला नव्या भाषांतरापेक्षा जास्त वेळ जातो, असे त्या म्हणाल्या. 'कोरत' या शब्दापाशी त्यांनी मला थांबवून विचारले की बांध नांगराने कोरला की कुदळीने, कारण इंग्रजीत क्रियापद त्याप्रमाणे बदलेल. दोन अपिलांच्या फेऱ्यांत हा प्रश्न वडिलांना किंवा मला कोणी विचारला नव्हता. एकेचाळीस पानांना चार दिवस लागले. पैसे फक्त फरकाचे घेतले, पानाला दीडशे, म्हणजे सहा हजार दीडशे रुपये. आधीचे चार हजार चारशे ऐंशी धरून एकूण दहा हजार सहाशे तीस. उरलेली तेवीस पाने वकीलसाहेबांनी किरकोळ दुरुस्त्या करून सत्तरच्या दरातलीच वापरली, आणि त्यात काही वावगे निघाले नाही.

तक्रारी दोन आहेत. पहिली दरपत्रकाची. सत्तर रुपयांचे पान आणि दोनशे वीस रुपयांचे पान एकाच कागदावर, एकाच अक्षरात, खाली त्याच केंद्राच्या शिक्क्यासह मिळते. कोणते पान माणसाने वाचलेले आहे आणि कोणते नाही, हे पाहणाऱ्याला कळायला मार्ग नाही, आणि भाषांतर खरे असल्याबद्दल सही कोणाची, असे विचारले तेव्हा सत्तरच्या पानाबाबत उत्तर मिळाले नाही. हा स्वस्त दर साक्षीला, सातबाऱ्याला आणि वारसाच्या कागदाला लावूच नये, असे माझे मत आहे. नोटिसा आणि छापील आदेश यांच्यापुरता तो ठेवावा आणि तसे पाटीवर लिहावे. दुसरी तक्रार गोपनीयतेची. आमची पाने कोणत्या यंत्रणेकडे गेली, ती दुकानाच्या संगणकावरच राहिली की दूरच्या कोणत्या सर्व्हरवर चढली, याची कल्पना आधी कोणी दिली नाही, आणि वारसांच्या कागदांवर आधार क्रमांक होते. मी विचारले, तेव्हा मुलगा "पुसून टाकतोय की लगेच" म्हणाला. तो खोटे बोलत नसेल, पण त्याच्या हातात पुसण्यासारखे आहे ते फक्त त्याच्या संगणकावरचे.

पुन्हा गेलो तर मी पाने आधीच दोन गठ्ठ्यांत करून नेईन, गट क्रमांक आणि क्षेत्र वेगळ्या कागदावर स्वच्छ लिहून देईन आणि चारनंतरच जाईन. बाईंच्या टेबलामागे भिंतीला त्यांनी हाताने लिहिलेला एक तक्ता चिकटवलेला आहे, डाव्या बाजूला पोटहिस्सा, वहिवाट, पोटखराबा, खंड असे शब्द आणि उजवीकडे त्यांचे इंग्रजी. निघताना 'रान' आणि 'बांध कोरणे' हे दोन त्यात सर्वांत खाली नव्याने आलेले दिसले. त्या तक्त्याची झेरॉक्स मी मागून घेतली. तिचे दोन रुपये मुलाने वेगळे लावले.