पद्मिनीच्या बिलात ‘केबिन फिल्टर’? पैसे देण्याआधी हे वाचा

प्रीमियर पद्मिनीला कंपनीचा केबिन फिल्टर, म्हणजे गाडीत येणारी हवा गाळणारा एसी फिल्टर, नाही. बाहेरची हवा दारांच्या त्रिकोणी काचांतून सरळ आत येते, मध्ये गाळणी कुठेच नाही. तरीही बिलात ‘एसी फिल्टर बदलला, ८५० रुपये’ अशी ओळ येते. घरातल्या नव्या गाडीच्या बिलातही तीच ओळ असते, म्हणून मालकाला शंका येत नाही. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये थांबली. या गाडीवर हात बसलेले मिस्त्री कमी होत चाललेत, आणि हौसेने जपलेल्या गाड्या नवख्या गॅरेजांच्या हाती पडतायत.

गाडी आत घेतात, मालकाला बाहेर बसवतात. अर्ध्या तासाने पोऱ्या काळाकुट्ट, घड्याघड्यांचा चौकोनी फिल्टर घेऊन येतो. घड्यांत सुकलेली पानं, केस, एखादं झुरळ. “बघा साहेब, ही हवा घेत होतात तुम्ही!” तो फिल्टर दुसऱ्याच गाडीचा. पद्मिनीत हवा गाळणारा फिल्टर एकच, तोही बॉनेटखाली, कार्ब्युरेटरसाठी, म्हणजे इंजिनात हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागासाठी.

पद्मिनीतला एसी बहुतेक वेळा नंतर बसवलेला, डॅशखाली लटकणारा असतो. तो गाडीतलीच हवा ओढतो आणि कूलिंग कॉइलवरून परत सोडतो. ओढणाऱ्या तोंडावर असलीच तर प्लास्टिकची जाळी असते. ती काढायची, नळाखाली धुवायची, वाळवून लावायची. खर्च शून्य.

खरंच काहीतरी बसवलं तर नुकसान अजून मोठं. दुसऱ्या गाडीचा फिल्टर कापून किंवा फोमचा तुकडा त्या तोंडात कोंबतात. हवा अडते आणि कॉइलवर बर्फ धरतो. सुरुवातीला गार वाटतं, मग ब्लोअरचा नुसता आवाज. गाडी उभी केली की बर्फ वितळून पाणी पायाशी येतं. यावर ‘गॅस कमी आहे’ म्हणत वर गॅस भरला, की दुसरं बिल. जास्तीच्या गॅसने दाब चढतो, कॉम्प्रेसर जड चालतो आणि १०८९ सीसीचं ते जुनं इंजिन तापायला लागतं. ही लबाडी आम्हाला सगळ्यात जास्त खटकते.

म्हणून फिल्टर बदलायला होकार देण्याआधी म्हणा, “बसतो कुठे, ती जागा दाखवा.” खऱ्या केबिन फिल्टरला स्वतःची खाच आणि झाकण असतं, कडेवर बहुतेकदा हवेच्या दिशेचा बाण असतो, खोक्यावर पार्ट नंबर असतो. जुना फिल्टर आपल्यासमोर निघाला पाहिजे.

आत वास येत असेल तर आधी मॅट उचलून खालचा नमदा दाबून बघा, ओला असेल. दारांची रबरी बीडिंग आणि फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून, वायर जाते तिथले ग्रोमेट (भोकातल्या रबरी कड्या) तपासा. ते फाटले की इंजिनाचा वास आत शिरतो. दमट हवेत एसी चालू ठेवून पंधरा मिनिटांत गाडीखाली पाणी टपकलं नाही, तर एसीचं पाणी बाहेर सोडणारी ड्रेनची नळी तुंबली असेल. तिचं एसी युनिटकडचं टोक सोडवा आणि सायकलच्या पंपाने हवा मारा. आधी काळं, बुळबुळीत पाणी येईल. नळी मोकळी होईपर्यंत मारत राहा.