एकशेवीस रुपयांची सिरिंज

ज्यांच्या घरात कुत्रा आणि मांजर दोन्ही आहेत, त्यांनी हे वाचाच.

पावसाळा लागला की आमच्याकडे पिसवांचा उच्छाद सुरू होतो. मोतीसाठी मानेवर सोडायचं औषध आणायला नेहमीच्या पेट शॉपमध्ये गेले. म्हटलं, चिंगीसाठीही द्या. मांजराची नळी संपली होती. दुकानदार म्हणाला, "ताई, औषध तेच असतं, पॅकिंगचे पैसे कशाला घालवता? मोठ्या कुत्र्याच्या नळीतून अर्धा एमएल काढून देतो. एकशेवीस द्या." आणि टोपण लावलेली सिरिंज हातावर ठेवली.

मला ते पटलं, हेच तर दुखणं आहे. नळीत नुसतं फिप्रोनिल (पिसवा मारणारं औषध) असेल, तर मांजराचा डोस खरंच अर्धा एमएल असतो आणि सगळ्यात मोठ्या कुत्र्याची नळी चार एमएलची. एका नळीत आठ मांजरं! वर मीच मनात म्हटलं, माणूस हुशार आहे.

संध्याकाळी केस बाजूला करून चिंगीच्या मानेवर औषध सोडलं. अकराच्या सुमारास तिचे कान फडफडायला लागले, मग मिशा, मग पंजे. उचलून घेतलं तर अख्खं अंग थरथरत होतं. डॉक्टरांना फोन केला. त्यांचा पहिलाच प्रश्न, "खोक्यावर काय लिहिलंय?" खोकं होतंच कुठे? त्यांनी भांडी घासायच्या लिक्विडने कोमट पाण्यात, गरम नाही, मान धुवायला सांगितलं आणि तसंच गुंडाळून दवाखान्यात बोलावलं. झटके थांबवायची औषधं, सलाईन, दोन रात्री मुक्काम. साडेनऊ हजार. चिंगी वाचली.

डॉक्टरांना संशय होता परमेथ्रिनचा. कुत्र्यांच्या बऱ्याच औषधांत गोचिडांसाठी ते घातलेलं असतं. कुत्र्याला ते चालतं, पण मांजराच्या यकृताला त्याचा निचरा करता येत नाही, म्हणून अगदी थोडंसंही भोवतं. मोतीच्या मानेवरचं असं औषध सुकायच्या आत चिंगी त्याला चाटली किंवा बिलगून झोपली, तरी धोका आहेच. (नशीब, मोतीचं खोकं फोडलं नव्हतं.) आता चिंगीसाठी मांजराचं चित्र असलेलं सीलबंद खोकंच घेते, घटक वाचते आणि ते संपेपर्यंत जपून ठेवते.

तिसऱ्या दिवशी दुकानात गेले. ती मोठी नळी ज्या खोक्यातली, ते काउंटरवरच होतं. मागे फुली मारलेलं मांजराचं चित्र, ठसठशीत. मी बोट ठेवलं. दुकानदार शांतपणे म्हणाला, "मी कुठे मांजरासाठी दिलं? बिल दाखवा."

बिलावर मोतीची एक नळी होती. सिरिंजचा पत्ताच नव्हता.