निकेलच्या फिल्मवर हायड्रोजन की ऑक्सिजन?

तांब्याच्या (001) पृष्ठभागावर (स्फटिकाची एक ठरावीक बाजू) निकेलचे मोजके अणुथर चढवले की चुंबकत्व आधी आडवं, म्हणजे फिल्मच्या पृष्ठभागाला समांतर असतं आणि साधारण 10-11 थरांनंतर उभं, म्हणजे त्याला लंब होतं. कारण निकेलच्या अणूंची जाळी तांब्यापेक्षा जवळपास अडीच टक्के लहान, त्यामुळे ती ताणून बसते आणि हा ताण चुंबकत्वाला उभं करायला बघतो, पण वरचा उघडा पृष्ठभाग त्याला आडवं खेचतो. पातळ फिल्ममधे पृष्ठभागाचंच चालतं. गॅस चिकटला की नेमकी हीच खेच कमी होते.

हायड्रोजनने आडव्याचं उभं होण्याची ही सीमा 7 थरांच्या आसपास येते. म्हणजे 8 थरांची फिल्म घ्या, व्हॅक्युम चेंबरमधे थोडा हायड्रोजन सोडा, आडवं चुंबकत्व उभं! थोडं तापवलं की हायड्रोजन उडून जातो आणि फिल्म परत आडवी, लेझरने लूप (बाहेरचं चुंबकीय क्षेत्र बदलताना चुंबकत्व कसं बदलतं त्याचा आलेख) मोजताना हे समोरच दिसतं, भारी प्रकार आहे.

ऑक्सिजनचं तसं नाही. तो आधी तांब्यावर बसवायचा आणि मग निकेल चढवायचं, गंमत म्हणजे तो खाली गाडला जात नाही, प्रत्येक थरासोबत वर तरंगत येतो. सीमा थेट 5 थरांवर. पृष्ठभागाची खेच अणूमागे 107 मायक्रो-इलेक्ट्रॉनव्होल्टवरून (ऊर्जेचं एक फार छोटं एकक) 17 वर येते, हायड्रोजनने फक्त 70 पर्यंत. पण हा ऑक्सिजन सहजासहजी निघत नाही आणि जास्त दिला तर निकेलचं सरळ ऑक्साइड बनतं.

चालू-बंद करून बघायचं असेल तर माझं मत हायड्रोजनला, पातळ फिल्म कायम उभी ठेवायची असेल तर ऑक्सिजनच.