लॅव्हेंडरचा भुसा: नर उंदीर पाळत असाल तर घेऊ नका

पाळीव उंदरांच्या पिंजऱ्यात पसरायचा सुगंधी भुसा. दोन किलोची पिशवी, ३४० रुपये. पाचपैकी एक तारा.

आमच्याकडे तीन पांढरे नर आहेत, एकाच वेतातले: खडू, गोटी आणि साखऱ्या. सात महिने तिघं एका पिंजऱ्यात, एकमेकांच्या अंगावर झोपायचे. गेल्या महिन्यात मी दोन दिवस नाशिकला आईकडे गेले होते. तेव्हा नवऱ्याने आणि लेकीने ही पिशवी आणली आणि तिच्यावर छापलंय अगदी तसंच केलं: जुनं सगळं फेका, पिंजरा साबणाने धुवा, नवा भुसा घाला. अर्ध्या तासात खडू शेपूट आपटत साखऱ्याच्या मागे लागला. मी घरी आले तेव्हा साखऱ्याच्या पाठीवर आणि शेपटीच्या मुळाशी चार चावे होते, आणि तो पाण्याच्या बाटलीमागे अंग चोरून बसला होता. आपलंच काहीतरी चुकलं असं वाटून लेक रडत होती. तिचं काहीही चुकलेलं नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी सहा वर्षं पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत उंदरांच्या गंधज्ञानावर काम केलं. गुंगी दिलेल्या उंदराच्या मेंदूत बारीक इलेक्ट्रोड उतरवायचा आणि एकेका चेतापेशीचे ठोके स्पीकरवर ऐकायचे, हे माझं रोजचं काम. नवीन मुलं आली की आम्ही त्यांना आधी सांगायचो, उंदराला दोन नाकं असतात. एक आपल्यासारखं, हवेतला वास घेणारं. दुसरं नाकाच्या पडद्याच्या तळाशी, बारीक नळीसारखं: व्होमेरोनेझल ऑर्गन. त्याला हवेवर आलेला वास पुरत नाही. ओला अंश आत ओढून घ्यावा लागतो, म्हणून उंदीर दुसऱ्याच्या गालाला आणि शेपटीखाली नाक लावतो.

तिथून निरोप जातो तो मुख्य गंधकंदाच्या (मेंदूतल्या वास ओळखणाऱ्या भागाच्या) मागे असलेल्या छोट्या, दुय्यम गंधकंदात. माझा सगळा जीव तिथल्या पेशींमध्ये होता. मुख्य कंदातली मायट्रल पेशी, म्हणजे निरोप पुढे नेणारी चेतापेशी, नाकाकडून आलेल्या धाग्यांच्या एकाच गुच्छाचं ऐकते, इथली एकाच वेळी अनेक गुच्छांचं. त्यामुळे सुटा वास नव्हे, वासांची जुळणी तिला कळते: नर की मादी, कुठल्या वाणाचा. नाकाशी मूत्राचा थेंब ठेवला की आधी काही सेकंद स्पीकर गप्प. मग एखादी पेशी टकटक सुरू करायची आणि थेंब काढून घेतला तरी बराच वेळ थांबायची नाही. वेगळ्या वाणाच्या नराचा थेंब दिला, तर कधी तीच पेशी चिडीचूप. ड्यूक विद्यापीठातल्या लोकांनी २००३ मध्ये जाग्या, फिरत्या उंदरांत हेच टिपलं: समोरच्याच्या तोंडाला किंवा पार्श्वभागाला नाक भिडलं की या पेशी बोलू लागतात. पुढे हा निरोप मेंदूतल्या अमिग्डाला आणि हायपोथॅलॅमस या भागांत जातो, आणि तिथे लढायचं की जुळवून घ्यायचं ते ठरतं. या दुसऱ्या नाकाच्या पेशींना निरोप पाठवायला लागणारा टीआरपीसी२ नावाचा चॅनल (पेशीच्या आवरणातलं बारीक दार) हार्वर्डमध्ये काही नर उंदरांतून काढून टाकला, तेव्हा ते नर परक्या नरावर हल्लाच करेनात. उलट त्याच्याशी मादीशी वागावं तसं वागू लागले. हे २००२ सालचं काम.

आता भुशाकडे येते. उंदराच्या मूत्रात एमयूपी नावाची प्रथिनं असतात. त्यांच्या पोटातल्या खोबणीत हलके, उडून जाणारे रेणू अडकून राहतात आणि सावकाश सुटतात, म्हणून खूण वाळली तरी बोलत राहते. पिंजऱ्यात कोण राहतो हे त्या खुणांवर लिहिलेलं असतं. एका धुण्यात आमच्या घरी ते सगळं पुसलं गेलं आणि तिघांना पहिल्यापासून ठरवायला लागलं.

म्हणून घाणच ठेवायची का? नाही. नेदरलँड्समध्ये २००० साली नेमकं हेच तपासलं गेलं. मूत्राने भिजलेला जुना भुसा नव्या पिंजऱ्यात टाकला तर नरांची भांडणं वाढली. घरट्याचं जुनं साहित्य टाकलं तर कमी झाली. मूत्राचा आणि घरट्याचा वास त्यांच्यासाठी वेगळे, आणि पिशवीवरची सूचना दोन्ही एकदमच फेकायला सांगते. माझा सगळ्यात मोठा आक्षेप हाच.

दुसरा आक्षेप लॅव्हेंडरवर. हा सुगंध माणसासाठी आहे. त्यामुळे अमोनियाचा उग्रपणा आपल्याला उशिरा कळतो, आणि उंदीर तोवर त्यातच श्वास घेत राहतात. शिवाय हा पाइनच्या लाकडाचा भुसा आहे. पाइन आणि सीडरच्या भुशामुळे उंदरांच्या यकृतातल्या विकरांचं काम बदलतं हे १९६७ पासून माहीत आहे.

आता आम्ही बिनवासाचा, कागदाच्या लगद्याचा भुसा वापरतो. दीड किलोला ४२० रुपये, म्हणजे महाग. पावसाळ्यात हवेनेच ओलसर होतो, आणि पिशवीला झिप नाही, डब्यात काढून ठेवावा लागतो. पण धूळ उडत नाही आणि मूत्र चांगलं शोषतो. त्याला चार तारे. दर तीन दिवसांनी फक्त मुतायचा कोपरा बदलायचा. पूर्ण सफाईच्या दिवशी घरट्यातला कोरडा टिश्यू बाजूला काढून परत ठेवायचा. पिंजरा गरम पाण्याने धुतला तरी चालतो, टिश्यू मात्र फेकायचा नाही.

खडू आणि गोटी आता शांत आहेत. साखऱ्याच्या जखमा भरल्या, पण मोठे नर एकदा वेगळे झाले की पुन्हा एकत्र ठेवायचा धोका मी पत्करणार नाही, म्हणून तो शेजारच्या पिंजऱ्यात एकटा असतो. त्या घरट्यातला उरलेला थोडा टिश्यू लेकीने त्याला दिला आहे. दुपारी तो त्यातच नाक खुपसून झोपतो.