इनोव्हा 5568 टायमिंग लाइट: शेव्हेलच्या नॉकिंगचा माग काढताना

मिशिगनमध्ये आमच्याकडे 1969 ची शेव्हेल एसएस 396 ही गाडी आहे. साडेसहा लिटरचे व्ही-8 इंजिन, 10.25 ला 1 असे कॉम्प्रेशन आणि आजही मूळचेच पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) असलेला डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला पाळीपाळीने ठिणगीची वीज पोहोचवणारा भाग. आपल्याकडचे जुने मेकॅनिक डिस्ट्रिब्यूटरला ‘डेल्को’ म्हणतात. तो शब्द जनरल मोटर्सच्या ज्या डेल्को-रेमी नावावरून आला, तेच नाव या गाडीच्या डिस्ट्रिब्यूटरवर कोरलेले पाहून मला पहिल्या दिवशी फार आनंद झाला होता. गेल्या उन्हाळ्यात मात्र हायवेच्या चढावर ॲक्सिलरेटर दाबला की पत्र्याच्या डब्यात वाटाणे हलवावेत तसा आवाज येऊ लागला. एका गॅरेजने टायमिंग (पिस्टन सर्वांत वर पोहोचण्याच्या किती अंश आधी ठिणगी पडते ते) कारखान्याच्या आकड्याप्रमाणे 4 अंशांवर बरोबर असल्याचे सांगून कार्ब्युरेटरचे जेट बदलले, त्याचे पैसे घेतले, पण आवाज तसाच राहिला. त्यानंतर मी इनोव्हाचा 5568 हा डिजिटल टायमिंग लाइट, म्हणजे ठिणगीबरोबर झगमगून इंजिनाच्या फिरत्या चाकावरची खूण थांबल्यासारखी दाखवणारा दिवा, विकत घेतला. वर्षभराच्या वापरानंतर त्याविषयी लिहीत आहे.

तो आवाज नॉकिंगचा होता. नॉकिंग म्हणजे नेमके काय, हे आधी सांगणे आवश्यक आहे. ठिणगी पडल्यावर ज्योत सिलिंडरमध्ये पसरत जाते, आणि तिच्या दाबाने व उष्णतेने पलीकडच्या कोपऱ्यात उरलेले मिश्रण ज्योत पोहोचण्याआधीच एकदम पेटले, तर त्या धक्क्याचा तो आवाज असतो. ठिणगी जितकी लवकर, तितका दाब पिस्टन वर चढत असतानाच वाढतो आणि हा धोका बळावतो. ही इंजिने शिसेयुक्त प्रीमियम पेट्रोल गृहीत धरून बांधलेली होती. शिशाच्या संयुगाचा नॉकिंगरोधक गुण टॉमस मिजली यांनी 1921 मध्ये शोधला आणि रस्त्यावरील वाहनांसाठी असे पेट्रोल विकण्यास अमेरिकेत 1996 पासून बंदी आली. आज आम्ही 93 ऑक्टेनचे पेट्रोल भरतो; ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची नॉकिंग रोखण्याची क्षमता. (येथील पंपावरचा आकडा आरओएन आणि एमओएन या ऑक्टेन मोजण्याच्या दोन पद्धतींच्या आकड्यांची सरासरी असतो, त्यामुळे भारतातल्या आरओएन आकड्याशी त्याची थेट तुलना करू नये.) अशा गाडीत टायमिंगची दोन-चार अंशांची चूकही इंजिनाला सोसत नाही.

साधा टायमिंग लाइट येथे अपुरा पडतो. इंजिनाच्या पुढच्या पट्टीवर शून्याच्या आसपासचे थोडेच अंश कोरलेले असतात. इंजिन मिनिटाला 3,000 फेऱ्यांवर गेले की डिस्ट्रिब्यूटरमधली वजने बाहेर फेकली जाऊन ठिणगी तीस-पस्तीस अंशांनी आधी पडू लागते आणि खूण पट्टीच्या पार बाहेर जाते. 5568 मध्ये बटणाने झगमगाटाला उशीर देता येतो. खूण शून्यावर आणून ठेवायची आणि किती अंश लागले ते पडद्यावर वाचायचे. त्याच पडद्यावर फेऱ्या, ड्वेल (पॉइंट जितके अंश जोडलेले राहतात ते) आणि बॅटरीचा व्होल्टेजही दिसतो. ड्वेल दिसणे मला सर्वांत मोलाचे वाटले, कारण पॉइंटचे अंतर बदलले की टायमिंगही सरकते. म्हणून आधी डिस्ट्रिब्यूटरच्या खिडकीतून ॲलन किल्लीने ड्वेल 30 अंशांवर आणावा आणि मगच टायमिंगला हात लावावा.

माझी मुलगी आत बसून ॲक्सिलरेटर स्थिर धरते आणि मी तीन मोजमापे घेतो. इंजिनातल्या व्हॅक्यूमवर चालून ठिणगी आणखी लवकर पाडणाऱ्या, डिस्ट्रिब्यूटरवरच्या डबीची नळी काढून तिचे तोंड बंद करून आयडलवर पहिले, तशीच नळी बंद ठेवून वजनांचा ॲडव्हान्स (ठिणगी लवकर पाडणे) पूर्ण होईपर्यंत फेऱ्या वाढवून दुसरे आणि नळी पुन्हा जोडून तिसरे. निदानाचे मर्म या तीन आकड्यांत आहे. थ्रॉटल पूर्ण उघडला की व्हॅक्यूम पडतो आणि त्याचा ॲडव्हान्स निघून जातो. म्हणून चढावर पूर्ण दाबल्यावर नॉकिंग होत असेल तर संशय पहिल्या दोन आकड्यांवर घ्यावा. सपाट रस्त्यावर हलक्या पायाने जाताना किणकिण येत असेल, तर व्हॅक्यूमच्या डबीवर.

माझे पहिले दोन आकडे 4 आणि 36 असे आले. कागदावर काहीच चूक नव्हती, आणि येथेच या उपकरणाची मर्यादा कळते. ते खुणेवर विश्वास ठेवते. खूण ज्या बॅलन्सरवर (इंजिनाच्या पुढच्या टोकाला फिरणाऱ्या, कंपने शमवणाऱ्या चाकावर) असते त्याचे बाहेरचे कडे रबराने आतल्या भागाला चिकटवलेले असते आणि पन्नास वर्षांत ते रबर सुटून कडे सरकू शकते. पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप बसवून मी इंजिन हाताने एका दिशेने अडेपर्यंत आणि मग उलट दिशेने अडेपर्यंत फिरवले. दोन्ही ठिकाणी केलेल्या खुणांचा मध्य म्हणजे खरा टीडीसी, म्हणजे पिस्टन सर्वांत वर असतानाची जागा. कोरलेली खूण त्याच्यापासून सुमारे 8 अंश दूर निघाली. साधारण 7 इंची बॅलन्सरवर एक अंश म्हणजे दीड मिलिमीटर असतो, म्हणजे कडे बारा मिलिमीटर पुढे सरकले होते! इंजिन प्रत्यक्षात 12 आणि 44 अंशांवर चालत होते. जेट बदलून ते कसे थांबणार होते?

नवा बॅलन्सर बसवल्यावर त्याच लाइटने 4 आणि 36 अंश लावले आणि चढावरचा आवाज पूर्ण गेला. हलक्या पायाची थोडी किणकिण उरली होती. ती कमी अंश देणारी व्हॅक्यूमची डबी लावल्यावर थांबली.

विकत घेणाऱ्याने काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. लाइटचा क्लॅम्प पहिल्या सिलिंडरच्याच प्लगच्या वायरला, शेजारच्या वायरींपासून दूर लावावा. ज्यांनी एकापाठोपाठ अनेक ठिणग्या देणारी इग्निशन पेटी बसवली आहे, त्यांनी उशीर देणाऱ्या कोणत्याही लाइटच्या आकड्यावर डोळे झाकून विसंबू नये, कारण त्या जादा ठिणग्यांनी मोजणी फसू शकते. त्यांना बॅलन्सरवर अंशांची पट्टी चिकटवून साधा लाइट वापरणे अधिक भरवशाचे पडेल. भर उन्हात खूण दिसत नाही, तेव्हा तिच्यावर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढावी आणि काम सावलीत करावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, या झगमगाटात फिरता पंखा थांबल्यासारखा दिसू शकतो. मुलीला शेजारी उभे करून हे दाखवले तेव्हा तिने नकळत हात पुढे केला होता. तेव्हापासून बाह्या दुमडल्याशिवाय आणि लाइटची वायर पंख्यापासून दूर बांधल्याशिवाय आम्ही इंजिन सुरू करत नाही.